बुधवारचा गाऊन

१

दर बुधवारी अकराच्या ठोक्याला ताई त्या तिसऱ्या मजल्यावरच्या दाराची बेल दाबत, आणि दर बुधवारी सासूबाई दार उघडण्याआधी आतूनच "आले, आले" असं कुजबुजत. बाळ झोपलेलं असो नाहीतर जागं, कुजबुज ठरलेली. गेल्या तीन महिन्यांत त्या घराची मोठ्यानं बोलायची सवयच मोडली होती.

ताईंना सगळे ताईच म्हणत, इस्पितळातल्या नर्सपासून ते स्वतःच्या नवऱ्यापर्यंत. त्यांचं काम सांगायला सोपं होतं. बाळंतपणानंतर ज्या बायकांच्या मनाचा तोल पार सुटतो, त्यांच्या घरी जायचं, त्यांना आणि घरातल्यांना सांभाळून घ्यायचं. कुणी "डोकं फिरलंय तिचं" म्हणालं की ताई तिथल्या तिथे त्याची हजेरी घेत. आजार आहे हा, अचानक येतो, घर हादरवून टाकतो, पण औषधानं बरा होतो, हे त्या बावीस वर्षं घरोघरी सांगत आल्या होत्या आणि त्यात तसूभरही खोटं नव्हतं.

या घरातली सून अकरा आठवडे वॉर्डात काढून तीन आठवड्यांपूर्वी घरी आली होती. चांगली बरी होऊन आली होती. घरात तिला सगळे सूनबाई म्हणत. 'ठमीची आई' असं अजून कुणाच्या तोंडात बसलं नव्हतं, आणि ते ताईंना खटकायचं. ठमी म्हणजे बाळ. साडेतीन महिन्यांची, टपोऱ्या गालांची, आणि इतकी शहाणी की शंका यावी.

ताई हात धुऊन बाळाच्या खोलीत डोकावल्या. खिडकीकडे तोंड करून ठेवलेली वेताची खुर्ची, तिच्यावर पसरलेला फिकट निळा गाऊन, दोन्ही बाह्या खुर्चीच्या हातांवर नीट सोडलेल्या. ठमी शेजारच्या कॉटमध्ये जागी होती आणि खुर्चीकडे टक लावून बघत होती.

"हा अजून इथेच?" ताईंनी विचारलं. "आता आईच घरी आली, मग गाऊनचं काय काम?"

"काढला होता हो," सासूबाई म्हणाल्या. "धुऊन वाळतसुद्धा घातला. ठमीनं रडून रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी पुन्हा खुर्चीवर टाकला, तेव्हा कुठे गप्प झाली. दहा दिवस झाले, मी हातच लावलेला नाही त्याला."

ताईंनी तो उचलायला हात घातला आणि मागे घेतला. गाऊन छातीशी ओला होता. दोन ठिकाणी, वाटीच्या बुडाएवढे दोन गोल, आणि ते दोन्ही गोल कोमट होते.

दूध सांडलं असेल, बाटलीचं. ताईंनी बोटं हुंगली. बाटलीच्या दुधाला पावडरीचा वास येतो, तो त्यांच्या नाकात बावीस वर्षं बसलेला होता. हा वास तो नव्हता. आणि सुनेचं दूध तर वॉर्डात औषधं सुरू झाली त्याच आठवड्यात आटवलेलं होतं.

त्यांनी बोटं रुमालाला पुसली आणि फॉर्मवर 'घर स्वच्छ, बाळ समाधानी' असं लिहिलं.

२

गाऊनची युक्ती ताईंचीच होती, आणि त्या युक्तीचा त्यांना अभिमानही होता.

बाळ नऊ दिवसांचं असताना सून चार दिवस-रात्री डोळ्याला डोळा न लावता घरभर फिरत राहिली होती. पाचव्या दिवशी सकाळी तिनं बाळाला दुपट्यात गुंडाळून बाहेर जिन्यात नेऊन ठेवलं आणि दार लावून घेतलं. "ज्यांची आहे ते घेऊन जातील," एवढंच ती सांगत होती. शेजारच्या शिंपिणीला बाळ दिसलं म्हणून पुढचं निभावलं. आई-बाळाला एकत्र ठेवता येईल अशा वॉर्डात जागा नव्हती. आई तिकडे, बाळ इकडे.

मग ताईंनी ठरवून दिलं. आईनं आठवडाभर अंगात घातलेला गाऊन, न धुता, दर बुधवारी घरी जाईल. तो फक्त खुर्चीवर ठेवायचा. बाळाला तिथेच बाटली द्यायची, तिथेच निजवायचं, म्हणजे आईचा वास ओळखीचा राहील. आधीचा गाऊन घरी धुऊन वॉर्डात परत जाईल. ही ने-आण ताई स्वतः करत, प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून. अकरा बुधवार झाले.

पहिल्या काही बुधवारी त्या पिशवीत नेमकं काय जात होतं, याचा विचार ताईंनी केला नव्हता. तेव्हा सून वॉर्डातल्या खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन बसायची. माणसं ओळखायची नाही. नखं कुरतडून कुरतडून तिनं बोटांची टोकं रक्ताळून घेतली होती. गाऊन काढताना दोघी नर्सना तिला धरावं लागायचं आणि ती ओरडायची, "तिला कुठे नेताय? तिला कुठे नेताय?" बाळाबद्दलच विचारतेय, असं सगळ्यांनी धरून चालायचं.

आता तिची नखं नीट वाढली होती. ती हसायची, भाजी चिरायची, गोळ्या वेळेवर घ्यायची. फक्त बाळ तिच्याकडे जात नव्हतं. बैठकीच्या खोलीत सासूबाई ठमीला तिच्या मांडीवर द्यायच्या, तेव्हा ठमी लाकडासारखी ताठ व्हायची आणि मान वळवून आतल्या खोलीकडे बघायची.

३

पुढच्या बुधवारी ताईंनी वजनकाटा काढला. ठमी आठवड्यात दोनशे ग्रॅमनं वाढली होती.

"बघा," सुनेचा नवरा खूश होऊन म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. वजनाच्या दिवशी मुद्दाम उशिरा कामावर जायचा. बिचाऱ्यानं हे सगळं मूग गिळून सोसलं होतं, आणि त्याला आता फक्त चांगली बातमी हवी होती. "आई म्हणते ते खरं. पोर अंगाला लागतेय."

ताईंनी बाटल्यांची वही मागितली. सासूबाई काटेकोर बाई. किती वाजता, किती प्यायली, किती टाकली, सगळं लिहीत. ताईंनी पान उलटलं, मागचंही उलटलं. दिवसाच्या सहा बाटल्यांपैकी ठमी जेमतेम दोन संपवत होती. बाकीच्या चारांपुढे एकच शेरा होता, 'तोंड फिरवलं'.

"एवढ्यावर ही वाढेल कशी?" ताईंनी विचारलं.

"एकेक मूल असतं तसं," सासूबाई म्हणाल्या. "हाही असाच होता. हवा खाऊन वाढला."

नवरा ओशाळं हसला. सून हसली नाही. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि ताईंच्या चेहऱ्याकडे बघत होती. ताईंना काय वाटतं, ते ताईंच्या आधी तिला कळत असावं, असं ते बघणं होतं.

ताईंनी काटा तपासला. आपली पाण्याची बाटली ठेवून पाहिली. काटा बरोबर होता. मग वहीच चुकली असेल. सासूबाईंचं वय झालंय, धांदलीत लिहायचं राहत असेल. असं स्वतःला समजावून त्या जिना उतरल्या. मात्र त्या दिवशी त्यांना दुपारचा डबा गेला नाही.

४

तिसऱ्या बुधवारी पाऊण तास सगळं सुरळीत झालं. सासूबाई समोर कोचावर बसून ताईंना बाळाच्या झोपेच्या वेळा सांगत होत्या. सून मोरीत कपडे धूत होती, पाण्याचा आवाज येत होता. नवरा कामाला गेलेला. ठमी आत निजलेली.

आणि आतून वेत कुरकुरला.

वेताची खुर्ची नुसती वाजत नाही. कुणी बसलं तर वाजते, उठलं तर वाजते, बसल्या बसल्या एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर भार टाकला तर वाजते. ताईंच्या माहेरी तशीच होती. हा तिसरा आवाज होता. थांबून थांबून, ठेका धरून, बाळाला मांडीवर थोपटणारी बाई करते तसा.

ताईंनी घरातली माणसं मोजली. एक समोर. एक मोरीत. एक कामावर. एक साडेसहा किलोची.

"तुम्हाला ऐकू येतंय?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी पदरानं कपाळ टिपलं. "वेत सुकलाय," त्या म्हणाल्या. "उन्हात असते ना खुर्ची."

"बाळ कॉटमध्येच आहे ना?"

"खुर्चीत ठेवलंय. उशी लावून. तिथेच झोपते ती, मी काय करू? कॉटमध्ये ठेवलं की किंचाळते."

एवढ्या लहान बाळाला खुर्चीत एकटं ठेवतात का, म्हणून ताईंनी सासूबाईंना चांगलंच झापलं. झापताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा लागला, आणि तो मोठा लागला तेव्हा आतली कुरकुर थांबली. कान देऊन ऐकायला थांबावी तशी थांबली. मोरीतला नळही त्याच क्षणी बंद झाला.

नेहमीच्या शिस्तीप्रमाणे ताईंनी खोलीत जाऊन बाळ पाहायला हवं होतं. त्या गेल्या नाहीत. पुढच्या घरी उशीर होतोय, असं सांगून त्यांनी चपला घातल्या. रस्त्यावर आल्यावर स्वतःचीच लाज वाटली. भर दुपारच्या उन्हात, बाई, तू एका खुर्चीला भ्यालीस.

५

चौथा बुधवार आढाव्याचा होता. घरी आल्यापासून सहा आठवडे पूर्ण. या सहा आठवड्यांत सुनेला बाळाजवळ एकटं सोडायचं नाही, असा नियम होता. आज ताई सगळे प्रश्न विचारणार, आणि उत्तरं ठीक असली तर नियम उठणार. मग ती आपल्या लेकीला एकटी अंघोळ घालू शकली असती, एकटी फिरायला नेऊ शकली असती, कुणाला न विचारता उचलू शकली असती. उत्तरं ठीक नसली तर परत वॉर्ड.

आईला वेगळं आणि घरच्यांना वेगळं ऐकायचं, ही ताईंची पद्धत. त्यांनी सासूबाईंना स्वयंपाकघरात पाठवलं, दार ओढून घेतलं आणि सुनेसमोर बसल्या.

"झोप?"

"सहा-सात तास."

"जिवाचं बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं?"

"नाही, ताई. आता नाही वाटत."

"जे नाही ते दिसतं, ऐकू येतं?"

सुनेचे हात मांडीवर, नखं नीट कापलेली.

"पेन खाली ठेवता का जरा?" ती म्हणाली.

ताईंनी ठेवलं.

"हा प्रश्न मला नका विचारू. मी तुम्हाला विचारते. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही, ते तुम्हीच शिकवलंत ना? शंका आली तर विश्वासाच्या माणसाला विचार, म्हणालात. या घरात तसं माणूस नाही. सासूबाईंना सगळं माहीत आहे, पण पोर शांत राहते म्हटल्यावर त्या कशाला बोलतील? ह्यांना काही दिसतच नाही, हे आपले दिवसभर काचा घासतात." ती जरा हसली. "तुम्ही खरं बोलता. वॉर्डात तुम्ही एकट्याच माझ्याशी खरं बोलत होतात."

"काय आहे, सांग तरी."

"सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही तेच बघाल. नुसतं बघा. काही नाही म्हणालात, तर मी समजेन आजार उलटलाय. आजच्या आज स्वतःच्या पायानं वॉर्डात जाईन, रडणार नाही. आणि आहे म्हणालात, तर ठमीला उचलून आत्ताच्या आत्ता या घराबाहेर पडेन. कुठे जाईन ते माझं मी बघेन."

"कोण आहे तिथे?" ताईंनी विचारलं, आणि विचारल्याबरोबर जीभ चावली. असं विचारायचं नसतं. भासाशी वाद घालायचा नाही आणि त्याला दुजोराही द्यायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. नव्या मुलींना त्या तो पहिल्याच दिवशी शिकवत.

सून त्यांच्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता.

"तुम्हीच तर आणलीत तिला," ती म्हणाली. "दर बुधवारी. थोडी थोडी."

६

बाळाच्या खोलीचं दार सुनेनं वीतभर ढकललं आणि ती बाजूला झाली. स्वतः आत बघितलं नाही.

सकाळचं स्वच्छ ऊन होतं. कॉट रिकामी. वेताच्या खुर्चीची पाठ दाराकडे होती, उंच पाठ, विणीच्या फटींतून निळा गाऊन दिसत होता. नुसता टाकलेला गाऊन जसा खाली घसरतो, तसा तो घसरलेला नव्हता. तो भरलेला होता.

खुर्चीच्या उजव्या हातावरून ठमीचा एक पाय बाहेर आला होता. पिवळा मोजा. पोट भरत आलेलं बाळ पीत असताना पाय हलवतं, तसा तो सावकाश हलत होता. खोलीत एकच आवाज होता, घोट घेण्याचा. एक घोट, दोन घोट, मग नाकातून सोडलेला सुस्कारा.

पाय फार हलायला लागला, तेव्हा निळ्या बाहीतून एक हात पुढे आला आणि त्यानं तो पाय हळूच धरला. तीन बोटं दिसली. नखं मुळापर्यंत कुरतडलेली होती, आणि कडांना रक्त वाळलेलं होतं.

ताईंनी दार ओढून घेतलं.

एक शब्द बोलायचा होता. हो. बावीस वर्षांत त्या कुणा बाईला इतकं सोपं उत्तर देणं लागल्या नव्हत्या. पण तो शब्द घशाशी आला आणि त्याच्यामागून बाकीचं सगळं आलं. फॉर्मवर काय लिहायचं? डॉक्टरांपुढे काय सांगायचं? आजाऱ्याच्या भासाला दुजोरा देऊन बाळ तिच्या हवाली केलं, ही चूक नव्या मुलीनंही केली नसती. उद्या त्याच वॉर्डात, त्याच खाटेवर आपल्याला बसवतील आणि कुणीतरी प्रेमानं विचारेल, जे नाही ते दिसतं का? आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती ताईंनी स्वतःशीसुद्धा नीट उच्चारली नाही. गाठ मारलेल्या पिशव्या त्यांच्याच हातात होत्या.

"ठमी खुर्चीत निजलीय," ताई म्हणाल्या. आवाज अगदी शिकवल्यासारखा लागला, मऊ आणि सपाट. "बाकी मला तरी कुणी दिसत नाही. पण तुला दिसतं आणि त्याची भीती वाटते, हे मी समजू शकते."

सुनेनं डोळे मिटले. मग मोठा श्वास सोडला. ताईंना वाटलं होतं ती कोसळेल, पण तिच्या चेहऱ्यावर सुटका होती, आणि ते बघणं ताईंना जास्त जड गेलं.

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली. "म्हणजे आजारच आहे. आजाराला औषध आहे. तुम्हीच सांगता ना." तिनं ताईंचा हात दोन्ही हातांत घेतला. "तुम्ही नसता, ताई, तर मी आज काय करून बसले असते."

ताईंनी फॉर्मवर खूण केली. पेन चाललं नाही, दुसऱ्यांदा गिरवावी लागली.

७

नवऱ्याला दुकानातून बोलावलं. तो अर्ध्या तासात आला, कामाचा अ‍ॅप्रन अंगावर तसाच. सुनेनं बॅग स्वतः भरली होती. चार कपडे, टूथब्रश, गोळ्यांचा डबा. "किती दिवस?" त्यानं ताईंना विचारलं. "लवकर येईल," ताई म्हणाल्या. त्यांना त्याच्याकडे बघवेना.

निघताना सुनेनं एकच मागितलं. "एकदा घेऊ का तिला?"

सासूबाई आत जाऊन ठमीला घेऊन आल्या आणि त्यांनी तिला सुनेच्या हातात दिलं. सगळे नेहमीचं घडण्याची वाट बघत थांबले. पण ठमी ताठ झाली नाही. तिनं आतल्या खोलीकडेही बघितलं नाही. आईचा चेहरा तिनं बराच वेळ निरखला, हनुवटीपासून कपाळापर्यंत, आणि मग तिचं एक बोट मुठीत घट्ट धरलं.

"बघ की," नवरा पुटपुटला. "बघ, ओळखलं."

सून हसली. तिचे डोळे भरून आले. मग तिनं ते बोट हलकेच सोडवून घेतलं आणि ठमीला ताईंच्या हातात दिलं. सासूबाईंच्या हातात दिलं नाही, ताईंच्या दिलं.

"मी बरी होऊन येते," ती लेकीला म्हणाली. "तोवर ताई आहेत."

दार लागलं. जिन्यातून दोघांची पावलं उतरत गेली. सासूबाई गाडी बघायला गॅलरीत गेल्या.

ठमी रडायला लागली. लाडाचं नाही, भुकेचंही नाही. ताईंनी हजारो बाळांचं रडणं ऐकलं होतं आणि हे रडणं कुणाच्या मागे धावणारं होतं, ते त्यांना बरोबर कळलं. त्यांनी तिला खांद्यावर घेतलं, फेऱ्या मारल्या, पाठीवरून हात फिरवला. ठमीचा चेहरा लाल झाला, मग जांभळा. ती श्वास धरायला लागली. एकदा धरला, तो सुटता सुटेना.

"तिच्या खुर्चीत ठेवा हो, ताई!" गॅलरीतून सासूबाई ओरडल्या. कित्येक आठवड्यांत त्या घरातलं कुणी पहिल्यांदाच मोठ्यानं बोललं होतं. "लगेच गप्प होईल!"

तिथे कुणी नाही, असं आपणच सांगितलंय, ताईंनी स्वतःला बजावलं. तासाभरापूर्वी सांगितलंय. लिहूनही दिलंय. मग न्यायला काय हरकत आहे?

त्या आत गेल्या. खुर्चीच्या पाठीमागे क्षणभर थांबल्या. ठमीचे ओठ निळे पडत चालले होते. पुढे होऊन खुर्चीसमोर जाण्याचं धैर्य त्यांना झालं नाही. तिथूनच, नजर खिडकीबाहेर ठेवून, त्यांनी पाठीवरून हात पुढे केले आणि बाळाला हळूहळू खाली न्यायला लागल्या.

ठमी गप्प झाली. ताईंच्या हातांवरचा भार गेला. त्यांनी अजून सोडलं नव्हतं.